पाठीच्या मापाची बॅग

कॅमेऱ्याच्या बॅगेचं जवळजवळ सगळं वजन कमरेवर घेता येतं. खांदे मोकळे, मान मोकळी, दोन्ही हात मोकळे! हे मला कळलं तेव्हापासून मी भेटेल त्याला थांबवून हेच सांगत सुटले आहे. स्टाफरूममध्ये सांगितलं, अमरावतीच्या छत्री तलावावर पहाटे पक्षी बघायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं, अकोल्याला भावाकडे गेले तर चहा हातात यायच्या आधी सांगितलं. तो लग्नाचे फोटो काढतो, दिवसदिवस कॅमेरे वाहतो. त्यानं माझी बॅग घातली, पट्टे ओढले, अंगणात दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "ताई, मी इतकी वर्षं लग्नं करून राहिलो, पन मले कोनी हे सांगतलंच नाई!"

कोणी सांगत नाही, हेच तर आहे. लेन्सबद्दल बोलायला सगळे तयार असतात. सेन्सर, मेगापिक्सेल, फोकसचा वेग यांवर तासन्‌तास चर्चा होते. बॅग मात्र कॅमेऱ्यासोबत फुकट येते ती, एका खांद्याला लटकवायची, दुकानाचं नाव छापलेली. आणि मग नरनाळा किल्ल्याच्या चढावर अर्ध्यातच मान आखडते, लेन्स बाहेर काढायचा कंटाळा येतो, आणि समोर बसलेला पक्षी फोटोविना उडून जातो. चांगल्या बॅगेनं माझे फोटो वाढले, असं मी ठामपणे म्हणते. लेन्स तीच, कॅमेरा तोच, जंगल तेच. मी जास्त वेळ चालू शकते, जास्त वेळ थांबू शकते, एवढंच बदललं.

हा सगळा उजेड पडला तो अमरावतीत, राजकमल चौकाच्या आसपासच्या एका दुकानात. मी बॅगांचे कप्पे उघडून बघत होते. दुकानातले काका थोडा वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "ताई, कॅमेरा आनला काय संग? आन् ते मोठी लेन्स? मंग आधी भरा बॅग, मंग घाला. रिकामी बॅग तं सगळ्यायलेच हलकी लागते."

भरली. त्यांनी आधी बॅगेचे सगळे पट्टे पूर्ण सैल करायला लावले. मग बॅग पाठीवर. मग म्हणाले, कमरेचं हाड शोधा. बाजूला हात ठेवला की जो हाडाचा कंगोरा लागतो, तोच. "पट्टा पोटावर नाई बांधायचा, या हाडावर बसवायचा." रुंद, आत फोम असलेला पट्टा त्या हाडावर बसवला, बक्कल लावलं आणि दोन्ही टोकं जोरानं पुढे ओढली. त्यानंतरच खांद्याचे पट्टे खाली ओढायचे, बॅग पाठीला टेकेल इतकेच. खांद्याच्या वर दोन बारीक पट्ट्या असतात, त्या आजवर मला नुसत्या शोभेच्या वाटायच्या. त्या ओढल्या की बॅगेचं वरचं तोंड पाठीकडे येतं आणि मागे खेचणं थांबतं. शेवटी छातीवरची आडवी पट्टी, ती फक्त खांद्याचे पट्टे घसरू नयेत म्हणून, घट्ट नाही.

"आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घाला," काका म्हणाले.

घातलं. बोट सहज आत गेलं! सहा-सात किलोची बॅग पाठीवर आणि खांद्यावरचा पट्टा नुसता टेकलेला! कमरेला पदर खोचून कामाला लागावं, तशी ती बॅग अंगाला बसली होती. मी दुकानात पुढे-मागे चालले, वाकले, खाली बसून उठले. बॅग माझ्यासोबत वाकत होती, माझ्या विरुद्ध नाही.

घरी येऊन मी यामागचं शास्त्र वाचून काढलं आणि आणखीच हरखून गेले. कमरेचं हाड हे शरीरातलं मोठं, भक्कम हाड. तिथे आलेला भार थेट मांड्यांकडे आणि पायांकडे उतरतो, आणि पायाचे स्नायू तर शरीराचा भार दिवसभर वाहतच असतात. खांद्यावरचा भार मात्र मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या स्नायूंना तोलून धरावा लागतो. एकाच खांद्यावर बॅग असेल तर पाठीचा कणा तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला झुकतो आणि दिवसभर तसाच झुकलेला राहतो. संध्याकाळी दुखतं ते यामुळे. गिर्यारोहक हे कधीपासून ओळखून आहेत.

आणि इथेच मला सगळ्यात मोठी गंमत सापडली. कॅमेऱ्याच्या ज्या बॅगा जगभर नावाजल्या, त्यांची सुरुवात कॅमेरा बनवणाऱ्यांनी केलेलीच नाही! लोप्रो ही कंपनी ज्यांच्या नावावरून आली ते ग्रेग लो हे गिर्यारोहक, आणि गोष्ट 1967 ची, अमेरिकेतली. कडे चढताना कॅमेरा सोबत न्यायचा होता, म्हणून त्यांनी मऊ, फोम लावलेली बॅग केली. जिम डोम्के हे फिलाडेल्फियातल्या एका वृत्तपत्राचे छायाचित्रकार. खोक्यासारख्या कडक बॅगा गर्दीत अंगाला टोचतात, म्हणून 1975 मध्ये त्यांनी स्वतःसाठी सुती कॅनव्हासची, अंगाला चिकटून राहणारी बॅग बनवून घेतली. ती सहकाऱ्यांना आवडली आणि धंदा उभा राहिला. इंग्लंडात बिलिंगहॅम कुटुंब मासे पकडणाऱ्यांसाठी पिशव्या शिवत होतं. त्या पिशव्या न्यूयॉर्कमधले फोटोग्राफर कॅमेऱ्यासाठी विकत घेतात, असं 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या लक्षात आलं. एक गिर्यारोहक, एक वृत्तपत्राचा छायाचित्रकार, एक मासेमारीच्या पिशव्या शिवणारा! तिघांनीही माणसाचं अंग आणि त्याचं काम बघून सुरुवात केली, कॅमेऱ्याचा विचार नंतर आला. माझं म्हणणं हेच आहे. बॅग निवडताना कॅमेऱ्याच्या आधी स्वतःची पाठ मोजा.

पाठ मोजायची कशी? सोपं आहे, घरातल्या कोणाला तरी शिवणाची टेप घेऊन मागे उभं करा. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी एक उंचवटा वर येतो, टेपेचं एक टोक तिथे. मग दोन्ही हात कमरेच्या त्या हाडांवर ठेवा, अंगठे मागच्या बाजूला. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ मनात ओढा आणि पाठीच्या मधोमध तिथपर्यंत टेप आणा. माझी पाठ 42 सेंटीमीटर भरली. भावाची 49. आम्ही दोघं उंचीनं फारसे वेगळे नाही, म्हणजे उंचीवरून पाठ कळत नाही! बाजारातल्या पुष्कळ मोठ्या बॅगा पुरुषाच्या लांब पाठीला धरून केलेल्या असतात. त्या माझ्या पाठीवर आल्या की कमरेचा पट्टा मांडीवर उतरतो आणि भार पुन्हा खांद्यावर. बायकांनी तर हे माप घेतल्याशिवाय बॅग घेऊच नये. खांद्याचे पट्टे किती अंतरावर आहेत, छातीवरची पट्टी वर-खाली सरकते का, हेही घालूनच बघावं. ती पट्टी सरकत नसेल तर ती नेमकी नको तिथे आवळते, आणि त्या बॅगेत बाकी काहीही चांगलं असलं तरी तिला नाही म्हणावं.

आता वजनाकडे येते. मी एक दिवस स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून सगळं सामान तोललं, आणि प्रत्येकानं हे एकदा करावंच. माझा कॅमेरा निकॉनचा डी-7500, बॅटरी आणि कार्डासह 720 ग्रॅम. पक्ष्यांसाठीची 200-500 ची लेन्स, तिच्या पायासह 2300 ग्रॅम. रोजची 18-140 ची लेन्स 490 ग्रॅम. दुर्बीण, जास्तीच्या बॅटऱ्या, पावसाचं कव्हर, एक लिटर पाणी. आणि बॅग स्वतः! नुसती रिकामी बॅग दीड-दोन किलोची असते, हे दुकानात कोणाच्या ध्यानात येतं? सगळं मिळून सात किलोच्या घरात गेलं. आपल्या राज्य सरकारनं जुलै 2015 मध्ये शाळकरी मुलांच्या दप्तराला मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली, ती आठवली. माझं वजन 58 किलो. मोठ्यांना शासन निर्णय लागू नाही, पण पाठीचा कणा तोच. म्हणून दुर्बीण गळ्यात आली, पाणी बॅगेबाहेरच्या कप्प्यात गेलं आणि वाटेत पिऊन संपवायचं ठरलं, रोजची लेन्स जंगलात नेणं बंद झालं. दोन किलोची बॅग सोडून दीड किलोची घेतली. अर्धा किलो म्हणजे काय, ते शहानूरच्या फाटकातून आत शिरून नरनाळ्याच्या चढाला लागलं की कळतं.

नरनाळ्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण दुसरा शोध तिथे लागला. अकोट तालुक्यातला हा किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, शहानूरला परवानगी घेऊन वर जावं लागतं. तिथला महाकाली दरवाजा बघितला नसेल तर जरूर बघा. 1487 सालचा शिलालेख, दगडात कोरलेली कमळं, नाजूक सज्जे. तासभर फोटो काढले तरी मन भरत नाही. आता त्या दरवाज्यात उभं राहून लेन्स बदलायची असेल तर? एरवी बॅग खाली ठेवा. पावसाळ्यानंतर खाली चिखल असतो, आणि तोच चिखल नंतर तुमच्या पाठीला. शिवाय कुसळं! मेळघाटच्या पायथ्याच्या गवतात पावसाळा संपला की कुसळी वाळते, आणि बॅगेच्या पाठीकडच्या जाळीत तिची टोकं अशी घुसतात की नंतर दिवसभर टोचत राहतात.

माझी बॅग पाठीच्या बाजूनं उघडते. खांद्याचे पट्टे काढायचे, कमरेचा पट्टा तसाच बांधलेला ठेवायचा, आणि अख्खी बॅग कमरेभोवती फिरवून पोटासमोर आणायची! तिथे ती आडवी, टेबलासारखी टिकून राहते. चेन उघडली की सगळ्या लेन्स समोर. जमिनीला काही टेकत नाही, पाठीची बाजू स्वच्छ राहते, आणि गर्दीत मागून कोणी चेन उघडूही शकत नाही, कारण चेन पाठीला चिकटलेली असते. मी महाकाली दरवाज्याच्या सावलीत उभ्या-उभ्या लेन्स बदलली आणि अक्षरशः टाळी वाजवली. सोबतच्या गाइडदादांनी विचारलं, "काय झालं मॅडम, काही दिसलं काय?"

ही सोय म्हणजे हौस नाही, याचा पुरावा मेळघाटातच मिळतो. रानपिंगळा! 1884 नंतर शंभराहून जास्त वर्षं कोणाला न दिसलेला हा छोटा पिंगळा 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि नंतर मेळघाटातही त्याची वस्ती आहे हे कळलं. तो दिवसा दिसतो, सागाच्या उघड्या फांदीवर बसतो. तो दिसल्यावर तुमच्याकडे वेळ असतो किती? म्हणून मोठी लेन्स कॅमेऱ्याला जोडलेलीच बॅगेत राहिली पाहिजे. इथे पुन्हा टेप काढा. 200-500 ची लेन्स जवळपास 27 सेंटीमीटर, वर कॅमेऱ्याची जाडी, म्हणजे आतून 34-35 सेंटीमीटर सरळ जागा हवी. दुकानातल्या चिठ्ठीवरचं माप पुष्कळदा बाहेरचं असतं. आतलं मोजा.

आवाजाबद्दलही कोणी बोलत नाही, आणि मला तर तो फार महत्त्वाचा वाटतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी बघायचा उपक्रम असतो. चांदणं पडलेलं, पाणवठ्यावर काहीच हालचाल नाही, पानं वाजली तरी ऐकू येतात. अशा वेळी बॅगेचा वेल्क्रो उघडायचा म्हणजे सगळ्या जंगलाला आपण इथे आहोत हे ओरडून सांगणं! ज्या झाकणाला वेल्क्रो आहे ती बॅग जंगलासाठी घेऊच नका. आतल्या पार्टिशनचा वेल्क्रो चालतो, तो घरूनच बसवून न्यायचा असतो. बाहेर चेन हवी, आणि चेनच्या रनरला धातूची पट्टी नको, दोरी हवी. धातूची असेल तर ती काढून नाडीचा तुकडा ओवा, पाच मिनिटांचं काम आहे. चेन बघताना रनरवर वायकेके ही अक्षरं आहेत का तेही बघा. 1934 पासून जपानची ही कंपनी चेन बनवते. आणि चेन बिघडलीच तर बॅग फेकू नका. अमरावतीत, अकोल्यात बॅगा दुरुस्त करणारे कारागीर आहेत, ते नुसता रनर बदलून देतात.

मचाणासाठी, सफारीच्या जिप्सीसाठी लेन्स टेकवायला बीनबॅग लागते, आणि तिच्याबद्दल वाचून मला अतोनात आनंद झाला. नुसती रिकामी कापडी पिशवी न्यायची, ती बॅगेत घडी होऊन बसते, वजन काही नाही. मेळघाटातल्या सेमाडोहला किंवा हरिसालला पोचल्यावर किराणा दुकानातून दोन किलो ज्वारी किंवा तूर घेऊन ती भरायची. जिप्सीच्या दांड्यावर ठेवली की वर कॅमेऱ्यासह तीन किलोची लेन्स निवांत टेकते, दगडासारखी स्थिर. परतताना ती ज्वारी कोणाला तरी देऊन टाकायची. ट्रायपॉडचं सगळं ओझं गेलं! जिप्सीत मात्र बॅग पाठीवर नको, मांडीवर हवी, तोंड आपल्याकडे. उन्हाळ्यात मेळघाटच्या रस्त्यांवर जी माती उडते ती बारीक पिठासारखी चेनच्या दातांत बसते, म्हणून बॅगेवर पावसाचं कव्हर उन्हाळ्यातही चढवावं. ते कव्हर बॅगेच्या तळाशी, वेगळ्या कप्प्यात असेल तर उत्तम.

चिखलदऱ्याला उलटी तऱ्हा. समुद्रसपाटीपासून 1118 मीटर उंचीवरचं हे गाव पावसाळ्यात धुक्यात बुडतं. तिथून घरी आलं की बॅग रिकामी करा, पार्टिशनं काढा, सगळं सावलीत वाळवा. ओल्या फोममध्ये ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते, आणि एकदा काचेवर बुरशीचे धागे पसरले की ते काढणं खर्चाचं काम. माझा कॅमेरा आता घरी बॅगेत राहतच नाही, तो झाकणाच्या हवाबंद डब्यात असतो, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं आणि ते मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे. बॅग ही प्रवासाची वस्तू आहे, कपाटाची नाही. आतून जे चकचकीत लेपाचं अस्तर असतं, तेही दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटायला लागतं. बाहेरचं कापड कितीही जाड असलं तरी पावसाचं कव्हर लागतंच.

कापडाबद्दल थोडंसंच. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 600 डेनियर साध्या वापराला पुरतं, दगडांत रगडायची असेल तर 1000. अकोल्याच्या उन्हासाठी मात्र मी रंगाकडे आधी बघते. पारा 47 च्याही वर गेलेलं हे शहर! काळी बॅग उन्हात ठेवली की आतला कॅमेरा हाताला चटका देतो. राखाडी किंवा मातकट रंग घ्या, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॅग सोडून कुठेही जाऊ नका.

याच अकोल्यात माझी इतकी आवडलेली पाठीवरची बॅग चालत नाही, हे मी मोकळेपणानं सांगते, कारण तिथे मला पिशवीची दुसरी तऱ्हा उमगली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची कावडयात्रा! गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरायचं, रात्रभर चालत सुमारे 18 किलोमीटर अकोल्याला यायचं आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करायचा. शेकडो भरण्यांच्या, म्हणजे पाण्याच्या घड्यांच्या, कावडी, ढोल, नाचणारी पोरं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खं शहर. कावड वाहणाऱ्यांच्या खांद्याकडे बघा. बांबूखाली दुपट्ट्याची जाड घडी असते, आणि ठरावीक अंतरानं हाक देऊन सगळे एकदम खांदा बदलतात. मी तो खांदा बदलण्याचा क्षण टिपत बसले होते; एक हात बांबूवर, दुसरा हात घडी सरकवणारा, पाणी हिंदकळतंय आणि बांबू क्षणभरही थांबत नाही.

त्या गर्दीत पाठीवरची बॅग म्हणजे मागच्या माणसाच्या छातीवर ठेवलेला धोंडा. तिथे आडव्या पट्ट्याची, पुढे येणारी लहान बॅग हवी, डोम्के यांच्यासारखी मऊ कापडाची, अंगालगत राहणारी, वरून एका हातानं उघडणारी. आत एक कॅमेरा, एक लहान लेन्स, एक बॅटरी, झालं. पट्टा रुंद हवा, आणि त्याला कमरेभोवती येणारी दुसरी बारीक पट्टी असावी, म्हणजे धावताना बॅग मांडीवर आपटत नाही. उडणाऱ्या पाण्याचा, ओल्या गुलालाचा विचार करून कॅमेरा आत प्लास्टिकच्या पिशवीत. एकाच बॅगेत जंगलही आणि यात्राही बसवायला जाऊ नका. दोन साध्या बॅगा एका महाग बॅगेपेक्षा बऱ्या, हे माझं पक्कं मत झालं आहे.

भावानं तर यावर आणखी स्वस्त तोड काढली. त्याच्याकडे एक जुनी ट्रेकिंगची सॅक होती, कमरेच्या पट्ट्याची, पाठीला नेमकी बसणारी. त्यात त्यानं फोमचा वेगळा मिळतो तो कॅमेऱ्याचा इन्सर्ट बसवला. झाली बॅग! बाहेरून कोणाला वाटतही नाही आत कॅमेरे आहेत. लग्नाच्या लॉनवर, बडनेऱ्याच्या फलाटावर रात्री गाडीची वाट बघताना, ही न ओळखू येणारी बॅगच सगळ्यात सुरक्षित. कंपनीचं मोठं नाव झळकवणारी बॅग चोराला आमंत्रण देते. सॅकच्या वरच्या कप्प्यात त्याचे कपडे, डबा आणि रेनकोट. कॅमेऱ्याच्या खास बॅगांत हेच बसत नाही, सगळी जागा लेन्सनाच!

आम्हा दोघांचं येणं-जाणं अमरावती-अकोला रस्त्यावर. हा तोच महामार्ग, ज्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची डांबरी पट्टी 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता छान आहे, पण दुचाकीवर एक गोष्ट पाळा. बॅगेचा तळ सीटवर टेकला की ती वर ढकलली जाते आणि खांद्याचे पट्टे कानापर्यंत येतात. तेव्हा खांद्याचे पट्टे थोडे सैल करा आणि भार सीटवर जाऊ द्या. आणि आता अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान सुरू झालं आहे. छोटं एटीआर विमान, डोक्यावरचे कप्पे उथळ. जाडजूड बॅगेपेक्षा चपटी बॅग तिथे सुखानं बसते.

तेव्हा बॅग घ्यायला निघाल तर आधी घरी पाठ मोजा आणि सामान तोला. दुकानात कॅमेरा न्या, तुमच्याकडची सगळ्यात जड लेन्स न्या, टेप न्या. बॅग भरून, कमरेचा पट्टा हाडावर बांधून वीस मिनिटं दुकानातच चाला, जिना असेल तर चढा-उतरा. खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घालून बघा. दुकानदार भरून बघू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.